चौथा ठोकळा

३ मार्च

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन न करता लिहितेय त्याला कारण आहे, ते शेवटी सांगते. आधी मस्का लावून घेते.

एकतीस वर्षं तू लोकांच्या पोटावरून सोनोग्राफीचा प्रोब फिरवलास. तुझ्याइतका पडदा वाचणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. झाला मस्का लावून. आता काम.

कंपनीतली माझी खोली तू पाहिलेली नाहीस. एक खिडकी, ती उघडत नाही. सोनोग्राफीची दोन यंत्रं, एक नवंकोरं, एक तुझ्या काळातलं, आणि मध्ये मी. आवाज शरीरात जातो, आपटून परत येतो आणि त्यावरून चित्र बनतं, हे तुला मी काय सांगणार. पण दोन बारीक गोष्टी फार जवळ असल्या की त्यांचे परतलेले आवाज एकमेकांत मिसळतात आणि पडद्यावर एकच फराटा उमटतो. माझा प्रोग्राम तो फराटा सोडवतो. दोन असतील तर दोन दाखवतो. तीन वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागलेय.

२८ एप्रिलला तपासणी समिती येणार. त्यांनी हो म्हटलं तर प्रोग्राम तीन हॉस्पिटलांत खऱ्या पेशंटांसाठी वापरला जाईल. नाही म्हटलं तर तीन वर्षं पाण्यात. आमच्याकडचे तपासायचे विकतचे नमुने मला पाठ झालेत. मला असे ठोकळे हवेत, की आत काय आहे ते मला माहीत नाही. नव्या मुलींना शिकवायला तू घरी जिलेटिनचे, आत तारा बसवून करायचीस, तसे.

आणि फोन का नाही, तर "आत किती तारा आहेत गं?" असं विचारल्यावर तू जो श्वास घेशील त्यावरूनच मी उत्तर ओळखीन. तेव्हा ठोकळ्यांबद्दल जे काय ते लेखी, तारीख घालून.

तुझी
निम्मी


१४ मार्च

निम्मे,

मस्का पोचला, पण कमी पडला. एकतीस नाही, बत्तीस वर्षं. शेवटचं वर्ष उजवा खांदा वर जाईना म्हणून डाव्या हाताने काढलं, ते तू हिशेबात धरलं नाहीस.

तीन ठोकळे पाठवतेय. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, ओल्या फडक्यात गुंडाळून. पार्सलच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, खोटं मांस. त्याने पेन खाली ठेवलं. मग 'शैक्षणिक साहित्य' असं लिहून सुटका करून घेतली.

कृती तीच जुनी. पाणी, जिलेटिन आणि इसबगोल. नुसतं जिलेटिन पडद्यावर काळंभोर दिसतं. शरीरासारखा रवाळपणा इसबगोलाने येतो. आठवड्यात सहा डबे नेले. पाचव्या डब्याला दुकानदाराने आवाज बारीक करून विचारलं, "ताई, डॉक्टरांना दाखवलंत का?" आता मी त्या गल्लीने जात नाही.

आत गळाची नायलॉनची तार ताणून बसवली आहे. किती, कुठे, ते सांगणार नाही. बाहेरून शाई घातलेला काळा थर दिलाय, तेव्हा उजेडात धरून डोकावायचा प्रयत्न करू नकोस. तू तीन वर्षांची असल्यापासून तुझी ही खोड मला माहीत आहे.

नियम ऐक. प्रत्येक ठोकळ्याबरोबर एक बंद पाकीट आहे. आधी तुला काय दिसलं ते लिही, तारीख घाल, सही कर, मग पाकीट फोड. आतल्या कागदावर ठोकळ्यात जे आहे तेवढंच असेल. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

एक विचारायचं होतं. हा तुझा प्रोग्राम शिकला कसा? त्याला काय काय दाखवलंस?

आत्या


२५ मार्च

आत्या,

तिन्ही बरोबर!

पहिल्यात दोन तारा, त्या कुणालाही दिसल्या असत्या. दुसऱ्यात तीन, त्यातली एक खोल. तिसऱ्याने मात्र घाम फोडला. जुनं यंत्र म्हणालं एक, नवं यंत्र म्हणालं एक, आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या एक. (त्यांना आम्ही मागून 'दुर्बीण' म्हणतो, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून.) माझा प्रोग्राम म्हणाला, दोन. मी लिहिलं, सही केली, पाकीट फोडलं. 'दोन तारा. मध्ये अर्धा मिलिमीटर.' मी खुर्चीसकट गोल फिरले. दुर्बिणीने स्वतः उठून माझ्यासाठी चहा आणला, म्हणजे बघ.

प्रोग्राम कसा शिकला विचारलंस. चाळीस हजार चित्रं दाखवली त्याला. सगळी तारांची. एक तार, दोन तारा, तीन, जवळ, लांब, खोल, उथळ.

आईला फोनवर सांगितलं की डोळ्याला एक दिसतं तिथे आता दोन दिसतात. ती म्हणाली, "असं यंत्र तेव्हा असतं तर आपलं दुसरं कुठे गेलं ते तरी कळलं असतं." चौतीस वर्षं झाली गं. तुझ्या पडद्यावर आम्ही दोघं दिसलो होतो आणि जन्माला आले मी एकटी, म्हणून तर मी घरात निम्मी. तिने विणलेल्या दोन स्वेटरांतला पिवळा मी घालून फाडला. हिरवा अजून कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. दर वाढदिवसाला ती म्हणते, "आज दोघं इतक्या वर्षांची झालात."

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची असताना मामेभावाने मला सांगितलं, "दुसऱ्याला तूच खाल्लंस." दोन दिवस घशाखाली घास उतरला नव्हता. जवळजवळच्या दोन गोष्टी दोन दिसल्याच पाहिजेत, हे खूळ माझ्या डोक्यात तिथूनच शिरलं असणार.

अजून एक ठोकळा पाठव. आता सगळ्यात अवघड.

निम्मी


४ एप्रिल

निम्मे,

चौथा पाठवतेय. पाकीट सोबत आहे. नियम तेच. घाई करू नकोस.

हिरवा स्वेटर अजून आहे हे मला माहीत नव्हतं.

आत्या


११ एप्रिल

आत्या,

तुला साष्टांग दंडवत! हे केलंस कसं? चार सेंटीमीटर खोल, दोन तारा, मध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागा. दोन्ही यंत्रांवर नुसता पुसट डाग दिसतो, कुणी लक्षही देणार नाही. प्रोग्राम लावला आणि दोन ठिपके, असे स्वच्छ की बोटाने उचलून घ्यावेत. दुखऱ्या खांद्याने इतक्या जवळ तारा बसवल्यास? मला तर सुईत दोरा ओवता येत नाही.

नियमाप्रमाणे लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग पाकीट फोडलं आणि आत कोरा कागद! पाठपोट बघितला, उजेडात धरला. आत्या, वय झालं हं तुझं. तारा बसवण्यात इतकी रमलीस की उत्तर लिहायचंच विसरलीस.

किती अंतर ठेवलं होतंस ते लगेच कळव. अहवाल १८ ला समितीकडे जायचाय आणि चौथा ठोकळा मी पहिल्या पानावर घेतलाय.

निम्मी


१५ एप्रिल

निम्मे,

वय झालं हे खरं. पण लिहायला मी विसरले नाही.

कागदावर ठोकळ्यात जे आहे तेवढंच असेल, असा नियम होता. चौथ्या ठोकळ्यात काही नाही. एकही तार नाही. पाणी, जिलेटिन, इसबगोल, बस्स.

तुला दिसला तो डाग बहुतेक इसबगोलाची गुठळी असेल. डाव्या हाताने ढवळताना एक राहिली होती. मला दिसली, मी मुद्दाम राहू दिली.

प्रोब वळवून पाहिलास का? तार एका बाजूने ठिपका दिसते, पण प्रोब काटकोनात वळवला की तिचीच लांब रेघ होते. गुठळी कुठूनही बघ, ठिपकाच राहते. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगायची, की दिसलं म्हणून लगेच ओरडायचं नाही, आधी हात वळवायचा.

त्या चाळीस हजार चित्रांत एक तरी रिकामा ठोकळा होता का? तुला पकडायला विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आत्या


२१ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र १९ ला मिळालं. अहवाल आदल्याच दिवशी गेला होता.

वळवला प्रोब. दोन्ही ठिपके ठिपकेच राहिले. मग सुरी आणून ठोकळा कापला. गुठळी सापडली, तिळाएवढी. एकच.

नाही, रिकामा ठोकळा त्याने कधीच पाहिलेला नाही. दाखवावा असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काल मी त्याला भांडी घासायचा ओला स्पंज दाखवला. त्यात त्याला सोळा तारा दिसल्या. त्याला तारा शिकवल्या, तर त्याला जगभर ताराच दिसतात.

दुर्बिणीला मी अजून सांगितलेलं नाही. चारातला एक चुकला, तीन तर बरोबर आले ना? मुद्दाम गुठळी ठेवणारी आत्या प्रत्येक हॉस्पिटलात थोडीच असते? एकदा वापर सुरू झाला की हळूहळू सुधारता येईल. अहवाल परत मागितला तर माझ्यासकट सगळी खोली बंद होईल.

आणि मला तुझा राग आलाय. लहानपणापासून तू माझ्याशी कुठल्याही खेळात खोटं खेळली नाहीस. मग आताच हा सापळा का लावलास?

निम्मी


२४ एप्रिल

निम्मे,

का, ते सांगते. बसून वाच.

तुझ्या वेळी वहिनीला सातवा आठवडा होता आणि मला नोकरीत चौथा महिना. माझी ड्युटी संपल्यावर हौसेने तिला आत घेतलं. प्रोब पोटाच्या मधोमध आडवा ठेवला. पडद्यावर शेजारी शेजारी दोन पिशव्या, अगदी सारख्या. मी ओरडलेच, "वहिनी, जुळं आहे!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. त्याच संध्याकाळी तिने दोन रंगांची लोकर आणली.

बाराव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, तर एकच. ते म्हणाले, "होतं असं, दोघांतलं एक विरघळून जातं." कधीकधी खरंच तसं होतं, म्हणून पुढे कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

सात वर्षांनी आमचा एक प्रशिक्षण वर्ग होता. बाईंनी भिंतीवर एक चित्र टाकलं. शेजारी शेजारी दोन पिशव्या, सारख्या. बाई म्हणाल्या, "ही एकच आहे." पोटाच्या मध्यावर दोन उभे स्नायू असतात. त्यांच्या कडांतून जाताना आवाज वाकतो, भिंगातून उजेड वाकतो तसा, आणि एकच गोष्ट दोनदा उमटते. प्रोब जरा बाजूला सरकवा, नाहीतर वळवा, की दुसरी नाहीशी होते. मी त्या दिवशी सरकवला नव्हता, वळवलाही नव्हता. तुझं पहिलं चित्र मी जपून ठेवलं होतं. घरी येऊन काढलं. दोन्ही पिशव्यांचा घाट एकच, आतला ठिपकाही दोन्हीत त्याच जागी. माझ्या मनात शंका उरली नाही.

दुसरं कुणी नव्हतंच, निम्मे. तू कुणाला खाल्लं नाहीस.

सत्तावीस वर्षं मी हे गिळून बसलेय. आधी वाटलं, आता सांगून काय होणार. मग दर वाढदिवसाला वहिनीचे डोळे भरायचे आणि सांगणं आणखी अवघड व्हायचं. तिकडे मुलींना 'हात वळवा, हात वळवा' शिकवत राहिले आणि घरात तोंड शिवून बसले. माझी मलाच लाज वाटते.

डोळ्याला एक दिसतं तिथे प्रोग्राम दोन दाखवतो, असं तू लिहिलंस. म्हणून तो ठोकळा. सापळा म्हण हवं तर.

आता त्या तीन हॉस्पिटलांत किती वहिन्या येतील, त्याचा विचार कर.

आत्या


३ मे

आत्या,

तुझं पत्र समितीच्या आदल्या दिवशी मिळालं. वाचून झाल्यावर मी खोलीतलं कपाट आवरलं. सगळ्या वायरी गुंडाळून त्यांना चिठ्ठ्या लावल्या. दुसरं काही सुचेना.

२८ ला उभी राहिले आणि म्हटलं, पहिल्या पानापासून सुरुवात करू, कारण ते पान चूक आहे. दुर्बिणीचा चेहरा पांढरा पडला. मी गुठळी दाखवली, दोन ठिपके दाखवले, मग स्पंज दाखवला. स्पंजाला एक जण हसले. समितीतल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या हे लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, "माझ्या आत्याने मला काहीच पाठवलं नाही, म्हणून."

प्रोग्राम आता कुठेही जाणार नाही. आठ महिन्यांनी परत या, म्हणाले. दुर्बीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "रिकामे ठोकळे किती लागतील?" खोली चालू राहिली. प्रोग्रामला आता रिकामं ओळखायला शिकायचंय, आणि कळत नसेल तिथे 'कळत नाही' म्हणायला. तीस ठोकळे हवेत. त्या गल्लीने जावं लागेल तुला.

हे झालं कामाचं. आता दुसरं. मी रागावलेय, आणि हा राग ठोकळ्याचा नाही. मी आजवर जिच्यामागे धावले ती दोघांमधली फट तुझ्या हाताने पडली होती आणि तू बघत राहिलीस. सहाव्या वर्षी मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं. तेव्हा तुला माहीत नव्हतं, मान्य. आठव्या वर्षी तर होतं.

मी समितीला सांगितलं. आता तुझी पाळी. आईला तूच सांगायचंस. मी सांगणार नाही, बाबांनाही सांगू देणार नाही. पत्र नको, फोन नको. जा आणि समोर बसून सांग.

निम्मी


२२ मे

वन्सं,

तुम्ही आलात, सांगितलंत आणि चहा तसाच टाकून गेलात. त्यावर साय धरली. दुपारी मी तो ओतून दिला.

राग आलाय आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही. चौतीस वर्षं मी एकीला वाढवलं आणि एकाला आठवलं. आठवायलासुद्धा कष्ट पडतात हो. आता तुम्ही म्हणता ते नव्हतंच. मग मी आठवत होते कुणाला?

डॉक्टर म्हणाले विरघळलं, तेव्हा मी मान हलवली. तुम्ही म्हणता नव्हतं, त्यालाही मानच हलवू का? दोन्ही वेळा पडदा तुम्हा लोकांकडे होता, मी फक्त ऐकत होते. आता नुसत्या सांगण्यावर माझा विश्वास बसणार नाही. एकाचे दोन कसे होतात ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. यंत्र निम्मीकडे आहे. ठोकळा तुम्ही करून पाठवा.

त्या दिवशी तुम्ही येऊ नका.

तुमची वहिनी


१४ जून

आत्या,

पाचवा ठोकळा धड पोचला. वर ते स्नायूंसारखे दोन फुगीर पट्टे कसे बसवलेस ते दुर्बिणीने भिंग लावून पाहिलं. म्हणाली, हे शिकायला माणूस पाठवायला हवा.

आई काल आली. बरोबर कापडी पिशवी होती. पिशवीच्या तोंडातून हिरवी बाही दिसत होती. माझा प्रोग्राम बंद ठेवला आणि तुझ्या काळातलं यंत्र लावलं. ठोकळ्यावर जेल घातलं, आईच्या हातात प्रोब दिला आणि पट्ट्यांच्या मधोमध टेकवला.

दोन ठिपके आले. शेजारी शेजारी, सारखे.

आईने चष्मा पुसला, परत लावला. म्हणाली, "हेच दाखवलं होतं मला."

मी म्हटलं, "आता हात हळूहळू बाजूला ने." तिने नेला. दुसरा ठिपका आधी पुसट झाला, मग गेला. पहिला होता तिथेच राहिला. तिने हात मागे आणला, दोन झाले. परत नेला, एक राहिला. सहा-सात वेळा केलं असेल. मग तिचे प्रश्न सुरू झाले. बाई जाड असेल तर? तिने श्वास रोखला तर? दोन्ही स्नायू सारखे नसतील तर? खरंच दोन असतील तर हात सरकवल्यावर काय दिसेल? मला निम्म्याच प्रश्नांची उत्तरं देता आली. दुर्बीण दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "यांना तीन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं." आई हसली. मग वळून परत पडद्याकडे बघायला लागली.

शेवटी तिने हात पुन्हा मध्यावर आणला आणि तिथेच धरून ठेवला. दोन ठिपके. खूप वेळ. इतका वेळ प्रोब दाबून धरला की मनगट भरून येतं, ते तुला माहीत आहे. मी 'सोड' म्हटलं नाही. मग तिने स्वतःच हात सावकाश बाजूला सरकवला, एक राहीपर्यंत, आणि प्रोब जागेवर ठेवला.

ती रडली नाही. मीच रडले, अगदी सर्दी होईपर्यंत. तिने जेल पुसायचं फडकं माझ्यापुढे केलं.

पाकीट तिनेच फोडलं. 'एक तार.' कागदाची घडी करून तिने तो पिशवीत ठेवला, स्वेटरच्या खाली. स्वेटर बाहेर काढला नाही, आला तसाच घरी गेला. जिन्यात मला हाक मारली, "निम्मे", आणि थबकली. मग म्हणाली, "आता काय नवं नाव ठेवणार तुला," आणि परत तीच हाक मारली.

तुझ्यासाठी निरोप आहे. रविवारी ये म्हणते. आणि चहा संपवल्याशिवाय उठायचं नाही.

निम्मी

ता. क. रिकामे ठोकळे अजून अकरा हवेत. त्यांच्या पाकिटात कोरा कागद घालू नकोस. 'काही नाही' असं लिहीत जा.